बोजारा

हिंगणीहून पुण्याला येऊन नवरा सोसायटीत वॉचमन झाला, म्हणून काय छाया पोरांचा तान्हा पोळा विसरणार? तिनं लाकडी नंदी सजवून लेकीच्या हाती दिला आणि गावच्यासारखं तिला दारोदार धाडलं. गावात बाया नंदीला ओवाळतात, पोरांच्या हातावर खुशीनं बोजाऱ्याचे पैसे ठेवतात. इथं सेक्रेटरीबाईंनी पोरीला दंडाला धरून खाली आणलं.

"पोरीला भीक मागायला पाठवतेस?"

त्याच आठवड्यात बाई गणपतीची वर्गणी मागत दारोदार फिरल्या आणि जिन्याखालच्या छायाच्या खोलीपाशीही आल्या. छायानं आतून नंदी आणून उंबऱ्यावर ठेवला.

"पहिले याले ओवाळा, मॅडम. नाईतर तुमचं हे मागनं बी भीकच."