आधी दागू

भावाचा खून करणाऱ्या ऊतबानसमोर वाग्रिस सुरा उपसून उभा राहिला आणि नेमकी तेव्हाच दोघांच्या मधली जमीन फाटली. दब्बाहू डोंगराचा लाव्हा जमिनीखालून वाट काढत होता. सकाळपासून हादरणारं वाळवंट आता टराटरा उसवायला लागलं. वाग्रिसचा उंट ओरडायच्या आत भेगेत गेला. "थांब," पलीकडून ऊतबान म्हणाला, "माणूस भेटला की आधी दागू. बातमी न घेता मारलंस तर लोक तुला काय म्हणतील?" ते खरंच होतं. अफार जमातीचा माणूस पाणीसुद्धा दागूनंतर, म्हणजे एकमेकांना बातम्या सांगून झाल्यावर मागतो. वाग्रिस दात खात खाली बसला. "तुझा भाऊ मेला," ऊतबाननं सुरुवात केली. "माहीत आहे." "मी मारला." "तेही माहीत आहे." मग कुठली विहीर आटली, कोणाची शेळी व्याली, सगळं निवांत निघालं. प्रत्येक धक्क्याला भेग हातभर रुंदावत होती. "लबाडा, वेळ काढतोयस," असं म्हणून वाग्रिसनं सुरा दातांत धरला आणि उडी घेतली. पलीकडची कड त्याच्या हातांना लागली, पायांना नाही. खालून गंधकाचा भपका आला, तळपाय भाजले, बोटांखालची माती सुटायला लागली. ऊतबान कडेशी पालथा पडून म्हणाला, "माझा दागू संपला. आता तुझा." वाग्रिस नुसता गुरगुरला. "नीट बोल. तोंडात काहीतरी आहे तुझ्या." आणखी एक धक्का बसला. वाग्रिसनं तोंड उघडलं. "मी पडतोय." सुरा खाली गेला, आपटल्याचा आवाज काही आला नाही. "बातमी खरी दिसते," ऊतबान म्हणाला आणि त्यानं वाग्रिसचं मनगट धरलं.