सौम्य कचऱ्याचा शिक्का

यूटाच्या वाळवंटात सरकारी तपासनीस थेनने किरणोत्सारी कचऱ्याच्या पिंपाजवळ किरणमापक धरला, तसा तो फोडणीसारखा तडतडला.

"कागदावर सौम्य कचरा आहे, ब्रदर," कचरा पुरायच्या खड्ड्याचा व्यवस्थापक व्हर्ल म्हणाला. "सौम्य कचऱ्याला राज्याचा कर कमी. मारा शिक्का, जेवण थंड होतंय."

"हे सौम्य? खाली आमच्या गावाची विहीर आहे! मेलो तरी मारणार नाही."

व्हर्लने सरकारी शिक्का हिसकावून स्वतःच पिंपावर मारला. मापक गप्प झाला. थेनने तो आपटून पाहिला. गप्पच.

"बघा, किरणंसुद्धा कायदा पाळतात," व्हर्ल हसला.

संतापलेला थेन शिक्क्यासाठी झेपावला. झटापटीत शिक्का त्याच्याच मनगटावर उमटला, आणि रागाने धडधडणारी छाती एकदम शांत झाली.

त्याने मनगट चाचपलं. शाई ओली होती. नाडी लागत नव्हती.