लाल बिल्ला, निळा बिल्ला

फाटकाबाहेर, चुन्याच्या पट्ट्यापलीकडे दादा उभा होता. रोग शिरलेल्या गोठ्यातून आलेल्या माणसाने लस-संशोधन संस्थेत पाऊल टाकायचं नाही, असा नियम; आणि तो नियम पाटीवर रंगवून घेणारी बाई त्याचीच सख्खी धाकटी बहीण. ती आतल्या बाजूला, पहारेकऱ्याच्या खोलीच्या दारात थांबली. आत तिला सगळे मॅडम म्हणत. पन्नाशी ओलांडलेल्या बाईला चिमे म्हणणारा जगात आता हा एकच उरला होता.

"आली बघ, चिमे," दादा म्हणाला. "लाळ्या-खुरकूत आली गोठ्यात."

त्याने सगळं सांगितलं. निम्म्या गायी पडल्या होत्या. तोंडातून लाळेच्या तारा, जिभेवर फोड, खुरांत जखमा. भूक आहे, पण चारा चावता येत नाही. उरलेल्या निम्म्या मात्र ठणठणीत. त्याच गव्हाणीत खातात, त्याच हौदाचं पाणी पितात, शेजारणीची लाळ अंगावर उडते, तरी त्यांना काही नाही.

"पडल्या त्या कुठल्या बिल्ल्याच्या?" तिने विचारलं.

"सगळ्या लाल. निळ्यातली एकही नाही."

तिने दाराची चौकट धरली. गोठ्यात दोन डबे गेले होते, एक लाल, एक निळा. एकात लस, दुसऱ्यात दिसायला अगदी तसंच पण निरुपयोगी पांढरं पाणी. कशात काय, हे तिलाही ठाऊक नव्हतं. कुठल्या गायीच्या गळ्यात कुठला बिल्ला, हे चिठ्ठ्या टाकून ठरलं होतं. असं आंधळेपणाने वाटल्याशिवाय लस लागू पडली की गायींचं नशीब जोरावर होतं, ते सांगता येत नाही.

या लशीत रोगाचा विषाणू नव्हताच. त्याच्या अंगावरच्या कवचाचा तेवढा तुकडा दुसऱ्याच पेशींमध्ये तयार केलेला. दादाला तिने सांगितलं होतं, चोराला घरात घ्यायचं नाही, नुसता त्याचा सदरा कुत्र्याला हुंगवायचा. त्यावर दादाने विचारलं होतं, चोराने सदरा बदलला तर? चोराने तो खरंच बदलला होता. तिच्या आधीच्या दोन लशी त्यातच वाया गेल्या आणि केस पांढरे झाले. या खेपेला कोणी गोठा द्यायला तयार नव्हतं. सगळ्यांआधी दादाने दिला, मग त्याच्याकडे बघून बाकीच्यांनी. रोग मात्र एकट्या दादाच्याच गोठ्यात शिरला.

तिला आनंद झाला. भावाच्या गायी तडफडत होत्या आणि तिला आनंद झाला, म्हणून लाजही वाटली. दोन्ही एकदमच वाटलं आणि दोन्ही पेलण्याइतकं बळ अंगात उरलं नव्हतं.

"मैना बरी आहे ना?" तिने विचारलं. मैना म्हणजे वहिनीने बाटलीने दूध पाजून वाढवलेली, गोठ्यातली सगळ्यात गुणी गाय.

"पडलीय. उठत नाही. वासरू गेलं तिचं."

"पण मैनेला निळा बिल्ला होता. मीच बांधला होता."

दादा खाली बघू लागला. "होता. मी बदलला. टोचायच्या आधी तुम्ही सगळे चहा पीत होतात तेव्हा. तिचा म्हातारीला बांधला, म्हातारीचा तिला."

म्हातारी म्हणजे केव्हाच आटलेली, फुकट पोसलेली गाय. ती आता मैनेच्या वाटणीचाही चारा खात होती.

"का पण, दादा?"

"लाल डबा तू स्वतः उराशी धरून आणलास. निळा ड्रायव्हरकडे दिलास. म्हटलं, ही तोंडाने सांगायची नाही, पण खरं औषध काही परक्याच्या हाती द्यायची नाही."

लाल डब्याची दांडी तुटली होती, म्हणून तो दोन्ही हातांनी धरावा लागला होता. हे तिने त्याला सांगितलं नाही. ज्या माणसाने बहिणीचा चेहरा आयुष्यभर बरोबर वाचला, तो एकदाच चुकला होता.

कुठल्या गायीला काय मिळावं यात मालकाचा हात लागला, की सगळा गोठा बाद. मग त्यातल्या बाकी गायींची साक्षही कोणी धरत नाही. दुसऱ्या कुठल्या गोठ्यात रोग कधी येईल, सांगता येत नव्हतं. आणि लवकर येऊ दे, असं म्हणायला तिची जीभ रेटत नव्हती.

"काही बिघडलं का गं?" दादाने विचारलं. बहिणीच्या हातून बशी फुटली की लहानपणी जसा म्हणायचा, तसाच मग हलक्या आवाजात म्हणाला, "कुणाला कळलंय? तू आणि मी."

"दादा, हे तू मला सांगायला नको होतंस."

"तुला नाही सांगायचं, तर कुणाला?"

तिने त्याला औषधपाणी समजावून दिलं. गायींची तोंडं पोटॅश परमँगनेटच्या पाण्याने धुवायची, मऊ भिजवलेलं खाऊ घालायचं, वहिनीने शेजारच्या गोठ्यात जायचं नाही. दादा एकेका गोष्टीला मान हलवत राहिला, पण जागचा हलला नाही. तिने पहारेकऱ्याच्या टेबलावरचा फोन उचलला आणि संचालकांना लावला.

"सर, एका गोठ्यात लस लागू पडली," ती म्हणाली.

पलीकडून आनंदाचा केवढा तरी आवाज आला. तिने तो पूर्ण होऊ दिला.

"तो गोठा बाद करायचाय."