काहिलीतला दगड

"आधी दगडावरचा हा गुलाल पुसते, चालेल?" विद्याश्री मॅडमनी विचारलं.

जमलेल्या माणसांनी गौराबाईकडं बघितलं. गुऱ्हाळ तिचं. गेल्या सोमवारी रस उकळायची मोठी कढई, काहील, फुटून सगळा रस खालच्या भट्टीत, चुलवणात गेला, तोही तिचाच. गूळ शिजवणारा गुळव्या केरबा म्हणाला, पाचटाचं छप्पर फाडून वरनं दगड पडला. गौराबाई म्हणाली, तू पेंगलास, काहील जाळलीस, आता आभाळावर ढकलतोस. त्याच पावली त्याला हाकललं. मग चुलवणाच्या राखेत खरंच एक काळा दगड सापडला आणि लोकांनी त्याला गुलाल लावून त्याच्यापुढं नारळ फोडला.

"पूस," गौराबाई म्हणाली. "देव असंल तर पुन्हा लावून घील."

मॅडम गडहिंग्लजच्या कॉलेजात दगडमातीचं शास्त्र शिकवायच्या. दगड बघायला एस्टीनं आल्या होत्या. वयानं पोरसवदा, अंगानं काटकी, सुती साडी, धुळीनं भरलेल्या चपला. हिला काय कळतंय, असं गौराबाई मघाशीच म्हणाली होती, आणि हळू बोलायची तिला सवय नव्हती.

मॅडमनी दगडाला लोहचुंबक लावून बघितलं, भिंगातून बघितलं. मग काहिलीच्या भोकावरून बोट फिरवलं आणि थांबल्या.

"मला हिचा तळ खालून बघायचाय."

"मानसं बोलावतो, उतरवूया की," गौराबाईचा लेक बसवेश म्हणाला.

"उतरवताना भोकाची कड दुमडली तर? नको."

त्यांनी पदर खोचला, बॅटरी घेतली आणि चुलवणाच्या जळण सारायच्या तोंडातून त्या पोटावर आत सरकल्या. आत खोल उतार. "कुणीतरी पाय धरा," असा घुमलेला आवाज आला.

बसवेश पुढं झाला.

"बाईमानसाचं पाय तू धरनार व्हय? सरक." गौराबाईनं राखेत फतकल मारली आणि त्या पोरीचे घोटे दोन्ही हातांनी घट्ट धरले. सणावाराला निम्मं गाव जिच्या पाया पडतं, ती गौराबाई. कुणाची हसायची छाती झाली नाही.

मॅडम बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या पापण्यांवरही राख होती.

"आभाळातलाच न्हवं, मॅडम?" बसवेशनं विचारलं. "पेपरात द्यायचंय."

"मला ठाऊक नाही."

"आसं कसं? चुंबक चिकटतंय की त्याला."

"आपल्याकडच्या काळ्या दगडालाही थोडंफार चिकटतं. वरची साल काळी आहे, पण हा भट्टीतही पडून होता. तपासायला पुण्याला पाठवावा लागेल. तोवर मी हो म्हणणार नाही आणि नाहीही म्हणणार नाही."

बसवेशचं तोंड उतरलं. गौराबाई मात्र त्या राखाडी तोंडाकडं बघतच राहिली. तिनं वकील बघितले होते, डॉक्टर बघितले होते, पुढारी तर दर निवडणुकीला दारात. ठाऊक नाही असं मान वर करून सांगणारं शिकलेलं माणूस तिच्या पुढ्यात पहिल्यांदाच उभं होतं.

"पण काहिलीचं सांगते," मॅडम म्हणाल्या. "भोकाची कड खाली वळली आहे. वरून काहीतरी जोरात आदळलंय. जळून फुटली असती तर तिथला पत्रा पातळ झाला असता. तो चांगला जाड आहे. काहील जळलेली नाही."

सगळ्यांच्या माना कुंपणाकडं वळल्या. केरबा कुंपणाच्या बाहेर उभा होता. हाकलल्यापासून त्यानं आत पाऊल टाकलं नव्हतं.

गौराबाई उठली. हात न झटकता कुंपणापाशी गेली.

"केरबा, तू पेंगलास म्हनलं. चारचौघांत म्हनलं. ते खोटं हुतं."

केरबानं तिच्या राखेनं भरलेल्या हातांकडं बघितलं.

"कोल्लापुरास्नं नवी काहील आनायची हाय. तू पारखून घ्यायची आन् तूच चढवायची."

"इचार करतो, आक्का," केरबा म्हणाला.

बसवेश दचकला. आईला असं म्हणणारा माणूस त्या पंचक्रोशीत नव्हता.

"कर," गौराबाई म्हणाली. "सावकाश कर."

आणि ती तिथंच, उसाच्या चिपाडाच्या ढिगावर, ऊन तोंडावर घेऊन वाट बघत बसली.