रांगेवरचे दुसरे नाव

“नवरा दाखवा आणि नाव कोरून घ्या,” प्रोफेसर वीम्स म्हणाले. “माझी दुसरी अट नाही.”

“दाखवीन की. सामना तर संपू दे,” इमोजीन टॅलबर्ट म्हणाली आणि उकडलेल्या शेंगांची कागदी पिशवी तिने त्यांच्यापुढे धरली. “घ्या. पुराव्याची वाट बघताना तोंडात काहीतरी हवं.”

मागच्या रांगेत बसलेला खाटीक बॉइड खदखदून हसला.

वीम्स यांची हयात पदार्थविज्ञान शिकवण्यात गेली होती. निवृत्तीनंतर हॅचर कॉलेजच्या बेसबॉल मैदानाच्या सन्मान समितीचे काम त्यांच्याकडे आले आणि तेथेही त्यांनी प्रयोगशाळेचाच शिरस्ता चालवला. या मैदानावर देणगीदारांच्या पाट्या नव्हत्या. हंगामाचा शेवटचा सामना आटोपला की प्रेक्षकांच्या एका रांगेवर पितळी पाटी बसे, आणि ती मिळे केवळ हजेरी लावणाऱ्याला. उन्हातान्हात, पावसात, हरणाऱ्या संघाच्या पाठीशी. मिसिसिपीतल्या या लहानशा कॉलेजाचा संघ बहुधा हरतच असे, त्यामुळे कसोटी कडक होती.

यंदा इमोजीनबद्दल दुमत नव्हते. शेजारच्या काउंटीतून ती एकटी गाडी चालवत येई, फलंदाज उभा राहतो त्या होम प्लेटच्या मागे जाळीला लागून बसे आणि पंचांना धारेवर धरी. पंचांना झोडपणे हा इथला कुळाचारच होता. बाकीचे लोक प्रत्येक निर्णयावर ओरडत; इमोजीन फक्त चुकलेल्या निर्णयावर ओरडे. वीम्स यांनी हे अनेक हंगाम निरखले होते, आणि त्या अचूकपणाबद्दल त्यांना तिचा मनापासून आदर वाटे.

अडचण एवढीच होती की तिला आपल्या नावाखाली नवऱ्याचे, डेल्मरचे नाव हवे होते. वीम्स यांनी पाटीवर तेवढी जागा कोरी ठेवली होती.

“मी त्यांना या मैदानावर कधीच पाहिलेलं नाही,” ते म्हणाले. “बॉइड, तू पाहिलंस?”

“मिस इमोजीनचा नवरा? माझं ऐका प्रोफेसर, तो यांच्या फ्रीजरमध्ये आहे. तुकडे करून.”

“असता तरी तुझ्या जळक्या बरगड्यांपेक्षा चवीला बरा लागला असता,” इमोजीन म्हणाली. मग तिचा आवाज उतरला. “प्रोफेसर, मी इथं आले ती त्याच्यामुळं. तो नसता, तर बेसबॉल कशाशी खातात हेही मला कळलं नसतं. माझ्या एकटीचं नाव लागणार असेल, तर पाटी परत न्या.”

“भावना समजते. पण नियम हजेरीचा आहे.”

“हजेरीत तो तुम्हालाही भारी पडेल.”

वीम्स यांचे अनुमान तयार होते. डेल्मर केव्हाच वारला असावा आणि ही बाई त्याला मनातल्या मनात शेजारी बसवत असावी. अनुमान सर्व निरीक्षणांशी जुळत होते, आणि नेमके त्याचेच त्यांना वाईट वाटले.

शेवटचा डाव आला. हॅचर एका धावेने मागे, दोन गडी बाद, आणि फलंदाजावर दोन स्ट्राइक चढलेले. आणखी एक, की हंगाम संपला.

“पंच! जरा वाका!” इमोजीन गरजली. “डावा गुडघा कुरकुरतो म्हणून चेंडू तुमच्यासाठी वर येणार नाही!”

प्रेक्षक हसले. वीम्स यांनी पाहिले. चेहऱ्यावर बचावाची जाळी चढवलेला पंच खरोखरच डावा पाय जपून वाकत होता. काय नजर, ते मनाशी म्हणाले.

“चुकलात तर आज उपाशी झोपाल!”

चेंडू आला. गुडघ्याखालचा चेंडू स्ट्राइक धरत नाहीत; तसाच समजून फलंदाजाने तो सोडला. पंचाची मूठ वर गेली. तिसरा स्ट्राइक. खेळ खलास.

“खाली होता! गुडघ्याच्या खाली होता!” इमोजीन जाळी गदागदा हलवत होती. कागदी पेले मैदानात पडू लागले. जन्मात कधी आवाज न चढवलेले वीम्सही उभे राहून ओरडले, आणि ओरडल्यावर त्यांनी घाईघाईने टाय सारखा केला.

हुर्यो ओसरेना, तरी समारंभ व्हायलाच हवा होता. होम प्लेटपाशी माइक लागला. इमोजीन टाळ्यांच्या कडकडाटात मैदानात आली. “या राज्यातल्या प्रत्येक पंचाला हा आवाज ठाऊक आहे,” वीम्स म्हणाले, “आणि तो या आवाजाला वचकून असतो. प्रामाणिकपणाचं इतकं चोख उपकरण आमच्या प्रयोगशाळेतही नव्हतं.”

मग त्यांनी माइकवर हात ठेवला. पाटीवरची कोरी जागा त्यांना बघवेना. “मिस इमोजीन,” ते हळूच म्हणाले, “राहू द्या पुरावा. मी नियम मोडतो. त्यांचं नाव कोरून देतो.”

“दया नको, प्रोफेसर. तो हजर होता. तसंच लिहायचं.”

हुर्यो अचानक वाढली. इथल्या दर सामन्याला उभा राहणारा आणि तो संपताच मागच्या दाराने निघून जाणारा पंच आज गेला नव्हता. चेहऱ्यावरची जाळी न काढता तो त्यांच्याकडेच येत होता.

“साहेब, लोक तापलेत,” वीम्स त्याला म्हणाले. “तुम्ही निघालेलं बरं.”

“आता कसली घाई?” पंच म्हणाला. “हा माझा शेवटचा सामना होता.”

त्याने जाळी काढली. आत घामाने थबथबलेला, पिकल्या केसांचा, कोणाच्याही ओळखीचा नसलेला चेहरा होता.

इमोजीनने वीम्स यांच्या हातून माइक घेतला.

“डेल्मर,” ती म्हणाली, “आता तुला कामावरून कोणी काढू शकत नाही. सगळ्यांसमोर कबूल कर, चेंडू खाली होता.”