हवा कुठून शिरली

"कॉम्प्युटरवाल्या गॅरेजातल्या पोरांनी तीन पार्ट बदलले, तरी गाडी थरथरतेच?" दस्तगीर मिस्त्री हसले. रोपवाटिकेच्या टेकाळेबाईंची पिकअप त्यांच्या गॅरेजात जागच्या जागी धडधडत होती. "यंत्र म्हणतं, पेट्रोल कमी, हवा जास्त. पण हवा शिरते कुठून, हे शोधायला डोकं लागतं. त्या पोरांकडे ते नाही."

मिस्त्रींनी चालू इंजिनाच्या रबरी नळ्यांवर बाटलीतून थोडं थोडं पाणी सोडलं. मागच्या एका नळीनं ते आत ओढून घेतलं आणि इंजिनाचा आवाज क्षणभर बदलला.

"सापडलं. कुठल्या गाढवानं ही फाटकी नळी टेप गुंडाळून तशीच ठेवली?"

विचारता विचारताच त्यांना आठवलं. दिवाळीच्या घाईत त्यांनीच ती गुंडाळली होती. बाईंना यातलं काहीच माहीत नव्हतं. त्या पोरांवर ढकलणं अगदी सोपं होतं.

त्यांनी इंजिन बंद केलं. "बाई, ते गाढव मीच. नवी नळी टाकायची राहून गेली, आणि तुम्हाला सांगायचंही."

टेकाळेबाईंनी थंडपणे मोबाईल काढून नंबर लावला. "त्या पोरांनाही हेच सांगा. डोक्याबद्दल जे बोललात, त्यासकट."

मिस्त्रींनी हात पुसले आणि फोन कानाला लावला.