एका पोत्यात किती मैल?

लढाईपायी पेट्रोल मिळेनासं झालं, तशा मोटारवाल्यांनी गाड्यांच्या मागे कोळशाच्या गॅसच्या टाक्या बसवल्या. अकोल्याच्या मोटार-स्टँडवर मग कोळशाच्या एका पोत्यात कोणाची गाडी किती जाते, याशिवाय दुसरा विषयच उरला नाही.

"माही गाडी एका पोत्यात चाळीस मैल जाते," सहदेव छाती फुगवून म्हणाला.

"थापा नको मारू. पस्तीसच्या वर कोनाचीच जात नाही," पंजाबराव हसले. "लढाई सरू दे, नवं मॉडेल येईन, मंग बोलू."

अकोटचा कुर्बान महिन्याभरानं आज पहिल्यांदा स्टँडवर आला होता. घर खायला उठत होतं, म्हणून आला होता. गाडीची पुसलेलीच काच तो पुन्हा पुन्हा पुसत होता.

"कुर्बानभाई, तुमची किती जाते?" सहदेवनं विचारलं.

"सव्वीस."

"इतकं पक्कं? मोजले काय तुमी?"

कुर्बानचा हात काचेवरच थांबला.

 

"घरी एकच पोतं होतं, अन् दवाखाना अठ्ठावीस मैल. राहिलेले दोन मैल बायकोले हातावर घेऊन धावलो. डाक्टर म्हने, अर्धा घंटा उशीर झाला."